शनिवारच्या चौकोनातलं ऊन

सोमवारी सकाळी फोनमध्ये पाहिलं तेव्हा शनिवारच्या चौकोनात पिवळाधमक सूर्य होता. खाली ३१ हा आकडा. ढगाचा मागमूसही नाही. मला एका छोट्या गावात बिऱ्हाड हलवायचं होतं आणि त्या एका सूर्याकडे बघून मी दिवस पक्का करून टाकला. टेम्पो सांगितला, मदतीला येणाऱ्यांना फोन केले आणि मग आठवडाभर आवराआवरीत इतकी बुडाले की तो अंदाज पुन्हा उघडून पाहिलाच नाही. पाहायचं काय त्यात? एकदा पाहिला होता की.

शनिवारी दुपारी सामान चढवून झालं तेव्हा टेम्पोवाल्या दादांनी विचारलं, "ताई, वरून ताडपत्री टाकू का?" डोक्यावर कडक ऊन होतं. मी म्हटलं, "नको दादा, राहू द्या. पाऊस नाहीये आज." त्यांनी ताडपत्रीची घडी सीटमागे सरकवली. निम्म्या वाटेवर उन्हाचा रंग बदलला, वारा एकदम गार लागला आणि पाच मिनिटांत सर आली. टपोऱ्या थेंबांची, तिरपी. गाडी बाजूला घेऊन ताडपत्री ओढेपर्यंत भिजायचं ते भिजून गेलं होतं. सर जेमतेम पंधरा मिनिटांची. गावात पोहोचलो तर तिथला रस्ता कोरडा ठणठणीत.

भिजली ती वडिलांची पुस्तकं. पुठ्ठ्याची चार खोकी सगळ्यात शेवटी चढवली होती, म्हणून सगळ्यात वर होती. पहिलं खोकं उचललं तर ओला तळ हातातच सुटून आला. वडील पुस्तक घेतलं की पहिल्या पानावर निळ्या शाईनं तारीख घालून सही करत. ती शाई पसरली होती. सहीतली एक वेलांटी तेवढी ओळखू येत होती, बाकी नुसता निळा डाग, कडेला जांभळट होत गेलेला. रात्रभर पंख्याखाली पानं सुटी करत बसले. भिजलेलं पान ओढून सोडवता येत नाही, फाटतं. दोन पानांच्या मध्ये कोरा कागद अलगद सरकवायचा, तो ओलसर झाला की काढून दुसरा घालायचा. सकाळपर्यंत काही पुस्तकं बचावली. बाकीची पुढे वाळली, पण फुगली ती फुगलीच. आजही कपाटात ती शेजारच्या पुस्तकांना ढकलून उभी आहेत.

राग आला तो त्या ॲपचा. सोमवारी सूर्य दाखवता आणि शनिवारी पाऊस पाडता? त्या रागाच्या भरातच मी शोधायला लागले की आठवड्याचा हा अंदाज येतो कुठून आणि छोट्या गावाचा तर येतोच कसा. त्याला आता तीन वर्षं झाली. राग केव्हाच निवळला. जे हाती लागलं त्याबद्दल मात्र मला अगदी मनापासून सांगायचंय, कारण आपण सगळेच तो अंदाज रोज बघतो आणि मला आता खात्रीनं वाटतं की आपण तो बघायला शिकलेलोच नाही.

गफलत त्या सात चौकोनांपासूनच सुरू होते. सातही एका मापाचे. प्रत्येकात एक चित्र, एक कमाल आकडा, एक किमान आकडा. सारखे दिसतात म्हणून सारखेच भरवशाचे वाटतात. पण उद्याचा चौकोन आणि सातव्या दिवसाचा चौकोन या दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत. उद्या येणारं मोठं मळभ आज कुठंतरी उपग्रहाला दिसत असतं. ते किती वेगानं सरकतंय, कुणीकडे वळतंय, याचा माग काढता येतो. सातव्या दिवसाचा ढग अजून जन्मालाच आलेला नसतो. ज्या बाष्पाचा तो होणार ते आज हजारो किलोमीटर दूर कुठल्यातरी समुद्रावर पाण्यातच असेल.

अमेरिकेची हवामानसंस्था नोआ हा उतार साध्या शब्दांत सांगते. पाच दिवसांचा अंदाज साधारण ९० टक्के वेळा बरोबर येतो, सात दिवसांचा ८० टक्के वेळा, आणि दहा किंवा त्याहून जास्त दिवसांचा निम्म्याच वेळा. तोही सगळीकडे सारखा नाही. समशीतोष्ण पट्ट्यात हवा मोठमोठ्या भोवऱ्यांनी, आघाड्यांनी (म्हणजे गार आणि उबदार हवा जिथं भिडतात त्या सीमांनी) सरकत येते, त्यामुळे तिचा अंदाज लांबवर घेता येतो. उष्ण कटिबंधात पाऊस बराचसा जागच्या जागी, तापलेल्या हवेच्या उसळीतून तयार होतो. तिथं सातव्या दिवसाच्या सरीबद्दल बोलणं जास्तच अवघड असतं. फोन हे काही सांगत नाही. तो दहाव्या दिवसाचं तापमानही उद्याइतक्याच ठामपणे लिहितो. इतक्या लांबच्या अंदाजापेक्षा त्या तारखेची नेहमीची सरासरी बरी, अशी वेळ बहुतेकदा आलेली असते. ही सरासरी तीस वर्षांच्या नोंदींवरून काढतात, सध्या १९९१ ते २०२० या वर्षांची धरतात.

हा भरवसा इथवर आणायला शंभर वर्षं लागली आहेत. पहिलं पाऊल कुणी टाकलं ते वाचलं तेव्हा माझा उरलासुरला राग गेला.

लुईस फ्राय रिचर्डसन हा इंग्रज गणिती. क्वेकर पंथाचा, युद्धाला विरोध असलेला. पहिल्या महायुद्धात त्यानं बंदूक धरली नाही, फ्रान्समध्ये रुग्णवाहिकेवर काम केलं. जखमींना आणण्याच्या खेपा संपल्या की गवताच्या गंजीवर बसून तो आकडेमोड करायचा. त्यानं २० मे १९१० हा एक दिवस निवडला होता, कारण त्या दिवशीच्या युरोपभरातल्या नोंदी त्याच्याजवळ होत्या. हवा कशी वागते याची समीकरणं माहीत होती. ती हातानं, पायरी पायरीनं सोडवून सहा तासांनंतरची हवा काढता येते का, हे त्याला पाहायचं होतं. म्हणजे होऊन गेलेल्या दिवसाचा अंदाज, तोही फक्त सहा तासांचा.

त्या सहा तासांच्या हिशेबाची वही १९१७ साली लढाईच्या गडबडीत हरवली. काही महिन्यांनी बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडली. उत्तर आलं होतं ते असं, की सहा तासांत हवेचा दाब १४५ मिलिबारनं बदलेल. हा आकडा किती मोठा आहे? कुठल्याही प्रचंड चक्रीवादळाच्या पोटातसुद्धा सहा तासांत असा बदल होत नाही. प्रत्यक्षात त्या सकाळी दाब जवळपास जागचा हललाही नव्हता.

मला यातलं सगळ्यात मोठं वाटतं ते पुढचं. १९२२ साली रिचर्डसननं आपलं पुस्तक छापलं आणि त्यात हे उत्तर जसंच्या तसं ठेवलं. झाकलं नाही, गोलमाल केलं नाही. पद्धत बरोबर असावी, सुरुवातीच्या वाऱ्यांच्या नोंदींत गडबड असावी, असं त्याला वाटत होतं आणि ते खरं निघालं. पुढे पीटर लिंच या हवामानशास्त्रज्ञानं त्याच नोंदींमधला खडबडीतपणा आधी काढून टाकला आणि तोच हिशेब पुन्हा केला. उत्तर समंजस आलं. चुकलेला आकडा कुणीतरी नीट लिहून ठेवला होता म्हणून तो दुरुस्त करता आला. पुस्तकात रिचर्डसननं एक कल्पनाही मांडली होती. एक भलं मोठं गोल सभागृह, त्याच्या भिंतींवर जगाचा नकाशा आणि नकाशातल्या आपापल्या तुकड्यासमोर बसून आकडेमोड करणारी ६४ हजार माणसं. एवढी असली तरच हिशेब हवेच्या बरोबरीनं पळू शकेल, असा त्याचा अदमास होता. १९५० साली एनिॲक या संगणकावर पहिला असा अंदाज काढला गेला, तेव्हा चोवीस तासांच्या अंदाजाला जवळपास चोवीस तासच लागले. म्हणजे हवा आणि हिशेब बरोबरीनं धावले. आज पाच दिवसांचा अंदाज १९८० सालच्या एका दिवसाच्या अंदाजाइतका नेमका असतो. दर दहा वर्षांना साधारण एक दिवस, अशा चालीनं हे लोक पुढे सरकले आहेत.

माझ्या सोमवारच्या सूर्यामागे एवढं सगळं होतं आणि मी त्याला खोटारडा म्हणत होते.

दुसरी एक गोष्ट कळली तेव्हा मी खरोखर थक्क झाले. छोट्या गावाचा उद्याचा अंदाज काढायचा तर आसपासच्या मोठ्या प्रदेशाची हवा माहीत असावी लागते. पण आठवडाभराचा काढायचा तर अख्ख्या पृथ्वीची लागते. सात दिवसांत हवा इतकी दूरवरून येते, इतक्या ठिकाणचे परिणाम इतक्या लांब पोहोचतात, की अर्धी पृथ्वी वगळून चालत नाही. म्हणून जगभरात शेकडो ठिकाणांहून दिवसातून दोनदा, एकाच ठरलेल्या वेळी, हवामानाचे फुगे सोडतात. कुठं तेव्हा पहाट असते, कुठं भर दुपार, कुठं मध्यरात्र. फुग्याला एक हलकं यंत्र टांगलेलं असतं. ते वर जाता जाता तापमान, आर्द्रता, दाब पाठवत राहतं, आणि फुगा कसा वाहवत जातो त्यावरून वारा कळतो. वरची हवा विरळ, त्यामुळे फुगा फुगत जातो. साधारण तीस किलोमीटरवर, कधी त्याहूनही वर, तो फुटतो. यात जहाजांच्या, तरंगत्या बोयांच्या, विमानांच्या आणि उपग्रहांच्या नोंदी मिळतात. जागतिक हवामान संघटनेनं १९६३ साली या देवाणघेवाणीची घडी बसवली. तो शीतयुद्धाचा काळ होता. एकमेकांवर क्षेपणास्त्रं रोखलेले देश वाऱ्याच्या आणि पावसाच्या नोंदी मात्र एकमेकांना देत होते, आणि कराराचा भाग म्हणून नाइलाजानं दिल्यासारख्या नव्हे, तर स्वतःचा अंदाजही दुसऱ्याच्या नोंदींवाचून अडतो हे ओळखून.

ज्या गावाचं नाव शेजारच्या जिल्ह्यात धड कुणाला सांगता येत नाही, त्या गावाच्या पुढच्या शनिवारासाठी आज कुठल्यातरी बर्फाळ बेटावर कुणीतरी फुगा हातात धरून उभं आहे. हे मी जेव्हा जेव्हा आठवते तेव्हा भरून येतं.

आणि तरीही सोमवारचा सूर्य शनिवारी टिकला नाही. याचं एक कारण एडवर्ड लोरेन्झ या अमेरिकी हवामानशास्त्रज्ञाला १९६१ साली सापडलं. तो संगणकावर एक साधी बनवलेली हवा चालवून पाहत होता. जुना हिशेब मधूनच पुन्हा सुरू करायचा म्हणून त्यानं छापील कागदावरचा आकडा भरला, ०.५०६. यंत्राच्या पोटात तो आकडा ०.५०६१२७ होता. एवढ्याशा फरकानं थोड्याच वेळात दोन्ही हिशेबांचे रस्ते पूर्ण वेगळे झाले. खरी हवा तर आपण तीन दशांशांइतकीही नेमकी मोजू शकत नाही. समुद्रांवर, वाळवंटांवर मोठमोठी भोकं आहेत नोंदींमध्ये. म्हणून आता मोठी केंद्रं एकच अंदाज काढून थांबत नाहीत. सुरुवातीचे आकडे जरा जरा हलवून तोच हिशेब पुन्हा पुन्हा चालवतात. युरोपातलं मध्यम पल्ल्याच्या अंदाजांचं केंद्र १९९२ पासून हे करतंय, आणि सध्या एका वेळी ५१ वेगवेगळे हिशेब चालवतं. त्या ५१ पैकी बहुतेकांत शनिवारी ऊन असेल तर शनिवार भरवशाचा. निम्म्यांत ऊन आणि निम्म्यांत पाऊस असेल तर तो शनिवार अजून ठरलेलाच नाही. हा शेवटचा प्रकार मला फार मोलाचा वाटतो. "अजून ठरलेलं नाही" ही सुद्धा माहिती आहे, कष्टानं काढलेली आहे. चौकोनातलं चित्र मात्र एकच असतं. ५१ हिशेबांच्या गर्दीतून एक ढग किंवा एक सूर्य निवडून तिथं चिकटवायचा, यात नेमकी कामाची गोष्ट गळून पडते.

हिशेब दिवसातून चार वेळा नव्या नोंदींवर पुन्हा सुरू होतो. फोनवरचा शनिवार सकाळी एक आणि रात्री दुसरा दिसतो तो त्यामुळे. पूर्वी मला वाटायचं, यांचं यांनाच माहीत नाही काही. आता तो बदल दिसला की बरं वाटतं. नव्या नोंदी आल्या, त्यांनी त्या मानल्या.

आता गावाकडे येऊ. हिशेबासाठी पृथ्वीवर एक जाळं अंथरलेलं असतं. त्या युरोपीय केंद्राच्या जाळ्याचा एक चौकोन साधारण नऊ किलोमीटरचा असतो आणि ही जगभराच्या हिशेबात फार बारीक वीण आहे. छोटं गाव त्या एका चौकोनात आख्खं मावतं, शिवाय भोवतालची शेतं, टेकडी, ओढा, सगळं. त्या चौकोनाला उंची एकच, तापमान एकच, पाऊस एकच. खरं गाव टेकडीच्या पायथ्याशी असेल आणि हिशेबात जमिनीची उंची सरासरीनं तीनशे मीटर जास्त धरलेली असेल, तर तेवढ्यानंच सुमारे दोन अंशांचा फरक पडू शकतो, कारण हवा दर किलोमीटर उंचीला सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते. चांगली ॲप ही दुरुस्ती करून घेतात, पण वळिवाच्या सरीची दुरुस्ती कोण करणार? गडगडाटी पावसाचा एकटादुकटा ढग काही किलोमीटर रुंदीचा असतो आणि तासाभरात बरसून संपतो. जाळ्याच्या विणीतून तो सहज निसटतो. हिशेबाला एवढंच सांगता येतं की आज दुपारी या भागात हवा उसळी घेण्याच्या बेतात आहे. ढग या वेशीवर फुटेल की त्या, हे त्याच्या आवाक्याबाहेरचं आहे.

भारतीय हवामान विभागाच्या पत्रकात "तुरळक ठिकाणी" असे शब्द असतात. पूर्वी ते ऐकले की वाटायचं, बोलणाऱ्याला अंग काढून घ्यायचं आहे. त्याला ठरलेला अर्थ आहे. त्या विभागातल्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस, म्हणजे तुरळक. २६ ते ५० म्हणजे काही ठिकाणी, ५१ ते ७५ म्हणजे बऱ्याच ठिकाणी, त्यावर म्हणजे बहुतेक ठिकाणी. आमच्या टेम्पोवर पडलेली सर शब्दशः तुरळक होती. आम्ही भिजलो आणि गाव कोरडं राहिलं, म्हणजे गावापुरता तो सूर्य बरोबरच होता म्हणायचा.

टक्क्यांची गोष्ट याला लागूनच आहे. पावसाची शक्यता ३० टक्के, हे वाक्य आपण सगळे वाचतो आणि आपापल्या परीनं लावतो. दिवसातला ३० टक्के वेळ पाऊस? गावाच्या ३० टक्के भागात? २००५ साली पाच मोठ्या शहरांत लोकांना हाच प्रश्न विचारून पाहिला होता. योग्य अर्थ निवडणाऱ्यांचं बहुमत फक्त न्यूयॉर्कमध्ये सापडलं. अर्थ साधा आहे. हवा आजच्यासारखी असलेले दहा दिवस घेतले तर त्यातल्या तीन दिवशी पाऊस पडतो. मग ३० टक्के असताना कोरडा गेलेला दिवस चूक नव्हे, आणि पाऊस झालेला दिवसही चूक नव्हे. असे पुष्कळ ३० टक्क्यांचे दिवस गोळा करावेत आणि त्यांतले जवळपास तीस टक्के ओले निघतात का ते बघावं. हा ताळा घालायची रीत ग्लेन ब्रायर या अमेरिकी हवामानतज्ज्ञानं १९५० साली घालून दिली, अजून तीच वापरात आहे.

आणि इथं मला टेम्पोवाल्या दादांचा प्रश्न पुन्हा ऐकू येतो. "ताडपत्री टाकू का?" मी त्यांना पावसाबद्दलचं उत्तर दिलं. त्यांनी विचारलं होतं ताडपत्रीबद्दल. या दोन प्रश्नांत किती अंतर आहे हे मला पुस्तकं भिजल्यावर समजलं. ताडपत्री टाकायला पाच मिनिटं लागतात आणि दोन हात. भिजलेली सही परत येत नाही. हवामानाच्या अभ्यासात हा हिशेब जुनाच आहे. बचावाचा खर्च संभाव्य नुकसानीच्या दहाव्या हिश्श्याइतका असेल, तर पावसाची शक्यता दहा टक्क्यांच्या वर गेली की बचाव करावा. खर्च निम्म्याइतका असेल तर पन्नास टक्क्यांची वाट बघितली तरी चालतं. त्यामुळे एकाच गावात, एकाच दिवशी, एकाच ३० टक्क्यांवर एकानं गच्चीतलं वाळवण आत घ्यावं आणि दुसऱ्यानं बेलाशक फिरायला जावं, हे दोन्ही बरोबर असू शकतं. अंदाज हवेबद्दल सांगतो. कुणाचं काय उघड्यावर आहे, हे त्याला कुठून ठाऊक असणार?

मराठीत याला आपण अंदाज म्हणतो हे मला फार आवडतं. भाकीत म्हणत नाही. १८६१ साली लंडनच्या वर्तमानपत्रात पहिल्यांदा रोजचा अंदाज छापायला देणारा रॉबर्ट फिट्झरॉय हाच भेद जीव तोडून सांगत होता. ही भविष्यवाणी नाही, शास्त्रीय हिशेबातून निघालेलं मत आहे, असं त्याचं म्हणणं. त्यासाठी त्यानं इंग्रजीत 'फोरकास्ट' हा वेगळा शब्दच रूढ केला. १८५९ सालच्या एका वादळात रॉयल चार्टर हे जहाज बुडून शेकडो माणसं गेली होती, त्यानंतर खलाशांना आधी इशारा मिळावा म्हणून तो झपाटल्यासारखा कामाला लागला होता. अंदाज चुकले की त्याची टर उडवली जाई. १८६५ साली त्यानं स्वतःचं आयुष्य संपवलं. त्यामागे कर्ज, आजारपण अशीही कारणं होती. पण हवामानखात्याच्या नावानं कुणी खडे फोडायला लागलं की मला हा माणूस आठवतो आणि मी तिथं गप्प बसत नाही.

तीन वर्षांपूर्वी मी एक वही घातली. दर रविवारी रात्री पुढच्या सात दिवसांचा अंदाज तिच्यात उतरवते. कमाल, किमान, पावसाचे टक्के. शेजारी रिकामी जागा. मग रोज सकाळी जे घडलं ते त्या जागेत. सोमवार-मंगळवारच्या ओळींत दोन्ही बाजू बहुतेक वेळा जुळतात, शनिवार-रविवारच्या ओळींत कितीतरी वेळा तोंडं विरुद्ध दिशांना. हे आधी वाचून माहीत झालं होतंच, पण स्वतःच्या अक्षरात आठवड्यामागून आठवडे तो उतार दिसायला लागला तेव्हा ते अंगात मुरलं. आता सात चौकोन पाहिले की डोळे आपोआप डावीकडून उजवीकडे जाताना भरवसा कमी करत जातात.

पाऊस मोजायला गच्चीत पर्जन्यमापक ठेवलाय. साधाच आहे, वर नरसाळं, आत काचेची अरुंद नळी. नरसाळ्याचं तोंड नळीपेक्षा दहापट क्षेत्रफळाचं, म्हणून एक मिलिमीटर पाऊस नळीत दहा मिलिमीटर उंच दिसतो आणि वाचता येतो. वाचायचीही एक पद्धत आहे. नळीतलं पाणी सपाट नसतं, कडांना काचेवर चढतं आणि मध्ये खोलगट राहतं. उभ्यानं वरून बघितलं तर आकडा चुकतो. गुडघ्यावर बसून डोळा पाण्याच्या पातळीत आणायचा आणि त्या खोलगट भागाचा तळ कुठल्या रेघेला टेकलाय ते पाहायचं. सकाळी कोवळं ऊन नळीतून आरपार येतं तेव्हा तो तळ पातळ चंदेरी कोरीसारखा दिसतो. नंतर नळी ओतून द्यायची, उलटी झटकायची, नरसाळ्यात अडकलेलं पान काढायचं. एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर. चार चौरस किलोमीटरच्या गावावर दहा मिलिमीटर पडला तर ते चार कोटी लिटर पाणी झालं. नळीत ते बोटभर दिसतं.

हे मोजणं सुरू केल्यावर एक बोच मनात राहिली ती अशी. फोनवर गावाच्या नावाखाली "आत्ता २८ अंश" असं लिहिलेलं असतं, आणि गावात मोजणारं कुणीच नसतं. तो आकडा हिशेबातला असतो, किंवा कुठल्यातरी दूरच्या केंद्राचा. बहुतेक छोट्या गावांना त्यांची हवा अशी दुसरीकडूनच कळते. पर्जन्यमापक स्वस्त असतो, गुडघ्यावर बसायला एक मिनिट लागतं. प्रत्येक छोट्या गावात निदान एका शाळेच्या आवारात तो असावा आणि मुलांनी पाळीपाळीनं वाचावा, असं मला फार वाटतं. शंभर वर्षांच्या अशा वह्या जिथं आहेत तिथंच आज सांगता येतं की पाऊस खरंच बदललाय की आपल्याला तसं वाटतंय.

आज रविवार. मघाशी वही घेऊन बसले. उद्या ढगाळ, पाऊस १० टक्के. मंगळवार तसाच. बुधवारी ४०, गुरुवारी ५५, शुक्रवारी ५०. शनिवारी सूर्य. लिहीत होते तेवढ्यात धाकट्या बहिणीचा फोन आला. तिला कपाटं हलवायची आहेत.

"ताई, शनिवारी कसं दिसतंय गं? तुझ्या वहीत बघ ना."

"सूर्य आहे."

"मग सांगून टाकू का टेम्पो?"

"टेम्पो सांग. पण गुरुवारी रात्री मला परत फोन कर. आणि ताडपत्री आहे का विचार त्याला."

"अगं, सूर्य आहे म्हणालीस ना?"

"हो. आज रविवारी आहे."

तिला काय कळायचं ते कळलं असावं, कारण ती हसली आणि गुरुवारी करते म्हणाली. मी शनिवारच्या ओळीत ३२, २३ आणि १५ टक्के असं लिहिलं, शेजारची जागा कोरी ठेवली आणि गच्चीत जाऊन नळी बघून आले. तळाशी ओल होती नुसती, रेघेला टेकण्याइतकीही नाही.